पायरी, मुख आणि चरण : पंढरीच्या नमस्काराचा इतिहास

१/१४
देवापुढे वाकणे ही क्रिया साधी दिसते. परंतु कोणी वाकावे, कोठे वाकावे आणि देवापासून किती अंतरावर वाकावे, हे शतकानुशतके रूढीने, अधिकाराने आणि संघर्षाने ठरवले. पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात हा इतिहास अक्षरशः पायरीपायरीने वाचता येतो. #इतिहास #पंढरपूर

२/१४
प्रथम नमस्काराविषयी. परंपरेने साष्टांग नमस्काराची आठ अंगे मोजली आहेत : छाती, मस्तक, दृष्टी, मन, वाणी, पाय, हात आणि गुडघे. यांतील मन आणि वाणी ही दोन डोळ्यांना दिसणारी अंगे नव्हेत. म्हणजे केवळ देह भुईला लागला, तरी नमस्कार अपुराच राहतो. मराठीतील ‘दंडवत’ या शब्दातही दंडासारखे, काठीसारखे आडवे पडणे अभिप्रेत आहे.

३/१४
देशातील बहुतेक मोठ्या देवस्थानांत गर्भगृहात प्रवेश असतो तो पुजाऱ्यांनाच. तिरुपतीसारख्या ठिकाणी भाविक दुरूनच हात जोडतो. पंढरपूरची रीत निराळी. येथे भाविक थेट मूर्तीपाशी जातो आणि विटेवरच्या चरणांवर मस्तक टेकवतो. यालाच पदस्पर्शदर्शन म्हणतात.

४/१४
तेथपर्यंत पोहोचण्याचा क्रमही ठरलेला आहे. आधी चंद्रभागेचे स्नान, मग वाळवंटातील पुंडलिकाचे दर्शन, त्यानंतर महाद्वारातील नामदेव पायरी आणि शेवटी विठ्ठल. देवाच्या आधी भक्तांना नमस्कार, हा या क्रमाचा गाभा आहे.

५/१४
देवळाचा उंबरठा किंवा पायरी चढताना तिला हात लावून तो कपाळी नेणे, हा सर्वत्र आढळणारा शिष्टाचार. पंढरपुरात त्याला वेगळा अर्थ आला. नामदेवांनी इ. स. १३५० मध्ये महाद्वारी समाधी घेतली, अशी परंपरा आहे. संतांच्या पायांची धूळ आपल्यावर पडावी, ही त्यामागची भावना सांगितली जाते.

६/१४
झाले मात्र उलटेच. ज्या पायरीवर लोकांनी पाय ठेवावा अशी संताची इच्छा, तिच्यावर पाऊल टाकायला कोणी धजत नाही. तेथे मस्तक टेकले जाते. गर्दीमुळे आत जाता आले नाही, तर पायरीचे आणि कळसाचे दर्शन घेऊनही वारकरी आपली वारी पूर्ण झाली असे मानतो.

७/१४
याच पायरीसमोर चोखामेळ्याची समाधी आहे. जन्माने महार असल्याने चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. १३३८ मध्ये मंगळवेढ्यास गावकुसाचे बांधकाम चालू असताना ते कोसळून त्यांचा मृत्यू झाला. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी बांधली, असे परंपरा सांगते.

८/१४
पुढे सुमारे सहा शतके ही समाधी एक सीमारेषा ठरली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांनी शेकडो मैल चालत यावे, सर्वांबरोबर तेच अभंग गावेत आणि नमस्कार मात्र येथूनच करावा, अशी रूढी होती. सांप्रदायिक रीतीप्रमाणे वारकरी परस्परांच्या पाया पडतात. पण ती समता महाद्वाराच्या आत गेली नाही.

९/१४
विसाव्या शतकात या सीमेला उघड आव्हान मिळू लागले. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्रावणकोर संस्थानाने मंदिरप्रवेशाची घोषणा केली. आंबेडकरांनी १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील आपला ग्रंथ नंदनार आणि रविदास यांच्यासह चोखामेळ्याच्या स्मृतीस अर्पण केला.

१०/१४
पंढरपुरात निर्णायक क्षण आला तो १९४७ मध्ये. मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी आधी महाराष्ट्रभर दौरा करून लोकमत जागे केले आणि १ मे रोजी पंढरपुरातील तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण आरंभले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मंदिर खुले करण्याचे मान्य झाल्यावर, ते सुटले.

११/१४
विरोधही तीव्र होता. दलितांच्या प्रवेशाने मूर्ती विटाळेल, म्हणून काही सनातन्यांनी तिच्यातील तेज मंत्रांनी पाण्याच्या घागरीत काढून घेतले, अशी कथा प्रसिद्ध आहे. लोकांनी मात्र घागरीकडे पाहिले नाही; ते विटेवरच्या चरणांकडेच गेले. त्याच वर्षी मुंबई प्रांतात हरिजन मंदिरप्रवेशाचा कायदा झाला.

१२/१४
दार उघडले, तरी आतील व्यवस्था बडवे आणि उत्पात या परंपरागत घराण्यांच्या हाती होती. त्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवणारा पंढरपूर मंदिरे अधिनियम १९७३ मध्ये झाला. न्यायालयीन लढा दीर्घकाळ चालला आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने तो संपला. त्यानंतर मंदिर समितीने पुजाऱ्यांच्या नेमणुकीसाठी सर्व जातींतील स्त्रीपुरुषांकडून अर्ज मागवले.

१३/१४
नमस्कार सर्वांचा झाला, तसा त्याचा भार देवानेही उचलला. आषाढी-कार्तिकीला देवाचा पलंग काढतात. शेजारती थांबते, पाठीशी लोड दिला जातो आणि विठ्ठल रात्रंदिवस दर्शनासाठी उभा राहतो. यात्रा सरल्यावर प्रक्षाळपूजेने त्याचा शीण उतरवतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या स्पर्शाने झिजलेल्या मूर्तीला अनेकदा वज्रलेप करावा लागला आहे. मूर्ती जपावी की स्पर्श जपावा, हा आजचा खरा पेच आहे.

१४/१४
मार्च २०२० मध्ये करोनामुळे मंदिर बंद झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात उघडले, तेव्हा केवळ मुखदर्शनाची मुभा होती; चरणस्पर्श पुन्हा सुरू झाला तो २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला. त्या दोन वर्षांत हात जोडून दुरूनच परतणे सर्वांच्याच वाट्याला आले. चोखोबांच्या वाट्याला ते जन्मभर आले होते. आज मात्र विठ्ठलाकडे निघालेला वारकरी आधी त्यांच्या समाधीपुढे वाकतो. ज्याला देवापर्यंत जाऊ दिले नाही, त्याला देवाआधी नमस्कार होतो.