घारापुरी ते पॉम्पेई : आपल्या सुताचा प्रवास



वर्तमानपत्रात हल्ली एक जाहिरात वरचेवर दिसते. मोठं पांढरं जहाज, निळं पाणी आणि खाली भूमध्य समुद्रातल्या जुन्या बंदरांची नावं. दोन-तीन आठवडे जहाजातच राहायचं, रोज नव्या बंदरात उतरायचं, पडके वाडे आणि देवळं बघायची. तिकिटाचा आकडा वाचला की आपल्या अख्ख्या गटाची कित्येक वर्षांची बचत डोळ्यांपुढे येते. म्हणून आजच्या बोलण्यातून आम्ही तुम्हाला त्याच समुद्राची सहल घडवणार आहोत. तिकीट नाही, सामान नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, त्या बंदरांना आपण काही परक्या नाही. आपण आज निघालो असलो तरी आपला माल तिथे दोन हजार वर्षांपूर्वीच पोहोचलेला आहे.

निघायचं कुठून? आपल्याच खाडीतून. उरणच्या बाजूला न्हावा-शेवा इथे १९८९ साली मोठं बंदर सुरू झालं. आज तिथे डोंगराएवढ्या क्रेन दिसतात. त्याच्या समोरच घारापुरी बेट आहे. लोक तिथे लेणी बघायला जातात, त्रिमूर्तीसमोर फोटो काढतात आणि परततात. पण बेटावर राजबंदर, मोराबंदर, शेतबंदर अशी तीन गावं आहेत, आणि तिन्हींच्या नावात बंदर आहे. या बेटावर जुनी नाणी सापडली, तशीच मातीच्या उंच रांजणांची खापरंही सापडली. हे रांजण इथले नव्हेत. निमुळत्या बुडाचे, दोन कानांचे हे रांजण रोमच्या मुलखातून द्राक्षाची दारू भरून येत. ज्या बेटावर समुद्राखालून तार टाकून वीज पोहोचायला २०१८ साल उजाडावं लागलं, त्याच बेटावर एके काळी भूमध्य समुद्रावरचा माल उतरत होता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने या सगळ्या सागरी वाटेची माहिती लिहून ठेवली. त्या पुस्तकाला पेरिप्लस म्हणतात. पेरिप्लस म्हणजे किनाऱ्याकिनाऱ्याने केलेल्या प्रवासाचं टिपण. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, धोका कुठे आहे, असं सगळं त्यात आहे. त्यात आपल्या किनाऱ्यावरचं सोपारा आहे, कल्याण आहे, चौल आहे. कल्याणबद्दल तो लिहितो की पूर्वी हे रीतसर बाजाराचं बंदर होतं, पण पुढे राज्य दुसऱ्याच्या हाती गेलं आणि बंदराची कोंडी झाली. चुकून एखादं ग्रीक जहाज कल्याणला आलंच, तर पहारा लावून त्याला भरुचला नेत. राजे भांडले आणि बाजार उठला. बाजार उठला की हमाल, नावाडी, गाडीवान आणि सूत कातणारी बाई यांचं काय झालं असेल, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

आता माल कुठला, ते बघू. पेरिप्लस सांगतो की पैठणहून गोमेद-अकीकासारखे दगड येत आणि तेरहून कापड येई, जाडंभरडंही आणि तलमही. हे तेर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातलं, संत गोरोबाकाकांचं तेर. तिथून पैठण दहा दिवसांची वाट, पैठणहून भरुच वीस दिवसांची. धड रस्ता नसलेल्या मुलखातून बैलगाड्यांनी माल जायचा. दुसरी वाट जुन्नरवरून नाणेघाटाने कल्याणला उतरायची. नाणेघाटात आजही एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं लोक सांगतात. शेजारच्या गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा शिलालेख आहे.

भरुचहून परदेशी जाणाऱ्या मालाच्या यादीत हस्तिदंत आहे, पिंपळी आहे, सगळ्या प्रकारचं सुती कापड आहे, आणि नुसतं सूतही आहे. सूत म्हटलं की आमचं लक्ष थांबतं. मागावर कोण बसायचं ते असो, पण चातीवर सूत कोण काढत होतं? याचं उत्तर कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सापडतं. तो ग्रंथ काही कोकणाबद्दल नाही, पण त्या काळची रीत सांगतो. राज्याच्या सूत-अधिकाऱ्याने विधवा, अपंग बायका, मुली, म्हाताऱ्या यांच्याकडून सूत कातून घ्यावं. ज्या बायका घराबाहेर पडत नाहीत, त्यांना दासींच्या हाती घरपोच काम द्यावं. सूत जसं बारीक, मध्यम, जाडं, तशी मजुरी द्यावी. पहाटे सूत द्यायला आलेल्या बाईचं तोंड न्याहाळलं किंवा तिच्याशी कामाबाहेरचं बोललं तर अधिकाऱ्याला दंड. मजुरी द्यायला उशीर केला तर त्याहून मोठा दंड. हे वाचून बरं वाटतं ना? पण पुढचं वाक्य असं की, मजुरी घेऊन काम केलं नाही तर त्या बाईचा अंगठा आणि शेजारचं बोट तोडावं. कातणारीला अंगठा आणि बोट म्हणजेच सगळं. अधिकारी चुकला तर पैशांवर सुटणार, बाई चुकली तर जन्माची बसणार.

असं हे सूत आणि कापड घेऊन आपण जहाजावर चढलो. जहाज सुटायचं कधी? हे आपल्या कोळी भगिनींना विचारा, त्या पटकन सांगतील. पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेला दर्या शांत होतो. तिकडची जहाजं जुलैच्या सुमाराला इजिप्तहून निघायची, नैऋत्येच्या वाऱ्यावर स्वार व्हायची आणि पावसाचा जोर ओसरताना इकडे पोहोचायची. परतायची ती मार्गशीर्ष-पौषात, वारा उलटा फिरला की. म्हणजे वर्षातून एकच फेरी. स्ट्रॅबो नावाच्या लेखकाने लिहिलं आहे की इजिप्तच्या एकाच बंदरातून वर्षाला १२० जहाजं हिंदुस्थानाकडे निघत.

पहिला मुक्काम बेरेनिके. हे तांबड्या समुद्रावरचं इजिप्तचं बंदर, आता नुसतं वाळवंट. तिथे उत्खनन झालं तेव्हा आपल्याकडचं सागवान सापडलं, सुती कापडाचे तुकडे सापडले, चटया सापडल्या. एका देवळात हिंदुस्थानी रांजणात सुमारे साडेसात किलो काळी मिरी जशीच्या तशी मिळाली. २०२२ साली तिथे बुद्धाची मूर्तीही निघाली. कोरड्या वाळूने कापड टिकवलं. आपल्या दमट हवेत त्याचा धागाही उरला नाही.

बेरेनिकेहून उंटांवर बारा दिवस. उन्हामुळे चाल बरीचशी रात्रीची. मग नाईल नदीतून होडीने अलेक्झांड्रिया. आता आपण भूमध्य समुद्राच्या काठावर आलो. इथे आपल्या मालावर जकात किती, तर चौथा हिस्सा. शंभराच्या मालातले पंचवीस सरकारचे. व्हिएन्नाच्या संग्रहात त्या काळचा एक कागद आहे, केरळातल्या मुझिरिस बंदराहून आलेल्या मालाचा आणि त्या व्यापारासाठी काढलेल्या कर्जाचा. कर्ज वेळेवर फिटलं नाही तर माल सावकाराचा, असं त्यात लिहिलं आहे. एवढा मोठा व्यापारी, पण तोही कर्ज काढूनच धंदा करत होता. तेव्हा कर्जाला लाजायचं नाही, अटी वाचून घ्यायच्या.

शेवटचा मुक्काम इटली. नेपल्सजवळ पॉम्पेई नावाचं शहर होतं. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस पर्वत फुटला आणि सगळं शहर राखेखाली गेलं. १९३८ साली तिथल्या एका घरातून हस्तिदंताची एक छोटी मूर्ती निघाली. उंची साधारण वीतभर. बाई उभी आहे, पायांत वजनदार वाळे, हातांत मनगटापासून वर चढत गेलेल्या बांगड्या, गळ्यात दागिने, दोन्ही बाजूंना लहानशा दासी. आधी तिला लक्ष्मी म्हणाले, आता अनेक अभ्यासक यक्षी म्हणतात. अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्ती आपल्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला सापडल्या आहेत. तेरची मूर्ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. म्हणजे मराठवाड्यातल्या बाईची बहीणच म्हणायची, ती रोमच्या मुलखात राखेखाली अठराशे वर्षांहून जास्त काळ उभी होती.

त्याच उद्रेकात प्लिनी नावाचा रोमन अधिकारी मेला. तो मोठा ग्रंथकार होता. त्याने तक्रार लिहून ठेवली आहे की दरवर्षी रोमचे पाच कोटी सेस्टर्स हिंदुस्थानात जातात आणि तिथला माल इथे शंभर पटीने विकला जातो. पूर्वेकडच्या व्यापारावर एवढा पैसा जातो त्याचा दोष त्याने चैनीला आणि बायकांना दिला. शंभर पटीतला नफा कुणी खाल्ला हे सोडून बायकांच्या हौसेवर बोट! घरखर्च वाढला की आजही हेच ऐकायला मिळतं. आणि इकडे भरुचच्या राजासाठी जहाजांतून काय यायचं, तर उंची दारू, चांदीची भांडी आणि सुंदर मुली. पेरिप्लसमध्ये त्या मुली भांड्यांच्याच यादीत आहेत. ही बंदरं आपण कौतुकाने बघतो, पण हेही बघायचं.

आता परतीच्या वाटेवर एक जागा राहिली, नाशिकची पांडवलेणी. तिथे दहाव्या लेण्यात उषवदाताचा शिलालेख आहे. तो क्षत्रप राजा नहपान याचा जावई. त्याने डहाणू, दमण, तापी अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, सोपाऱ्याला आणि भरुचला उतारूंसाठी घरं बांधली. आणि आपल्या कामाची गोष्ट अशी की, त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापण ठेव म्हणून दिले. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. एका श्रेणीकडे दोन हजार, व्याज महिना शेकडा एक. दुसरीकडे एक हजार, व्याज महिना शेकडा पाऊण. अट अशी की मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं.

चला, हिशोब करू. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. बारा महिन्यांचे दोनशे चाळीस. लेखात लिहिलं आहे की पावसाळ्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा द्यावेत. वीस बारे दोनशे चाळीस. हिशोब पैशाला पैसा जुळतो! आणि हा सगळा व्यवहार सभेत वाचून दाखवला, नोंदवहीत चढवला, असंही कोरलं आहे. आपण गटाच्या बैठकीत जमाखर्च वाचून दाखवतो आणि सह्या घेतो, ती रीत एवढी जुनी आहे. मुद्दल म्हणजे बियाणं. बियाणं खाल्लं की पुढच्या मृगाला हात चोळायचे, हे त्या विणकरांना ठाऊक होतं.

त्याच लेण्यात उषवदाताची बायको दक्षमित्रा हिने एक खोली दान दिली, तिचं नाव कोरलं आहे. मावळातल्या बेडशाच्या लेण्यात सामडिनिका नावाची बाई आहे. कान्हेरीला कल्याण, सोपारा, चौल इथल्या दात्यांची नावं आहेत, त्यांत बायकाही आहेत. गौतमीपुत्र सातकर्णी तर आईच्याच नावाने ओळखला गेला, आणि त्याची आई गौतमी बलश्री हिचा स्वतःचा लेख नाशिकला आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्यात आईचं नाव लागतं. ही पद्धत परकी नाही, या मातीतलीच आहे.

पण नीट बघा. दगडावर आलेली बाई कोण? जिने स्वतःच्या हाताने दान दिलं, ती. श्रेणीतल्या एकाही विणकराचं नाव त्या लेखात नाही. आणि ज्या बाईच्या सुताने रोमपर्यंत मजल मारली, तिचं नाव कुठेच नाही. आमच्या गटांतल्या बायका जाळी विणतात, सुकट वाळवतात, पापड लाटतात, भाजी विकतात. कर्जाचा अर्ज भरायला बसल्या की धंद्याच्या रकान्यात लिहितात ‘गृहिणी’. विचारलं तर म्हणतात, त्यात काय, घरचंच काम. घरचंच होतं ना तेरच्या बाईचंही?

म्हणून येत्या बैठकीत एक काम करूया. नोंदवहीचं एक कोरं पान घ्या. प्रत्येकीने स्वतःचं पूर्ण नाव, आपण काय बनवतो, महिन्याला किती बनवतो आणि ते कुठल्या बाजाराला जातं, एवढं लिहायचं. जिला लिहिता येत नाही तिचं दुसरीने लिहायचं, पण सांगायचं तिने. मग ते पान सभेत मोठ्याने वाचायचं आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या.