मास्तरचाही हिशेब झाला

आमचे आजोबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. चार साचे, म्हणजे माग, सांभाळायचे. त्यांच्या तोंडून आम्ही नातवंडांनी एक गोष्ट इतक्यांदा ऐकली की ते मध्येच थांबले तर पुढचं वाक्य आम्ही पुरवायचो. गोष्ट त्यांच्या विव्हिंग मास्तरची. मास्तर व्हीजेटीआयमध्ये शिकलेला. गिरणीच्या आवारातच त्याला राहायला जागा, बाहेर जायला-यायला गाडी, आणि पगार इतका की त्याचा आकडा साचेखात्यात कुजबुजत सांगितला जाई. कापडात तार तुटलेली दिसली की तो ताका तसाच टेबलावर पसरायचा, साचेवाल्याला बोलावून घ्यायचा आणि सगळ्यांदेखत बोट ठेवून दाखवायचा. मग दंड. आजोबांना आयुष्यभर तो दंड आठवला नाही, ते बोट आठवलं.

नव्वदच्या दशकात ती गिरणी बंद झाली. आजोबा हिशेब घ्यायला गेले तेव्हा टाइम ऑफिसच्या खिडकीपाशी रांगेत मास्तर उभा होता. गाडी नव्हती. हातात कागदांची प्लास्टिकची पिशवी होती. आजोबा घरी आले ते हा प्रसंग सांगतच आले. "मास्तरचापण हिशेब झाला!" स्वतःची नोकरी गेलेल्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, असं आजी सांगायची.

आजीला ही गोष्ट आवडत नसे. ती चुलीपुढून उठायची नाही, पण तिथूनच म्हणायची, "हसताय काय? त्याच्याकडे धुणंभांडी करणारी आपल्या खालच्या मजल्यावरचीच. तिचा पगार कोण देणार आता?" आजोबा गप्प व्हायचे. पुढच्या वेळी मात्र गोष्ट पुन्हा तशीच, तितक्याच चवीनं.

मी मोठी होत गेले तसं मला वाटू लागलं की या दोघांच्या भांडणात आमच्या गिरणगावाचा अर्धा इतिहास आहे. पैसेवाल्या नोकरदाराची नोकरी गेली की आपल्याला नक्की काय होतं, हा प्रश्न आमच्या घरात माझ्या जन्माच्या आधीपासून आहे.

आजी खानावळ चालवायची. संगमेश्वरकडच्या गावांतून आलेले पुरुष गावकीच्या खोल्यांत राहत, पाळीपाळीनं एकाच जागेवर झोपत आणि जेवायला आजीसारख्या बायकांकडे येत. हिशेब महिन्याचा. पगार झाला की पैसे. आजीला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे वहीत प्रत्येक गड्याच्या नावापुढे माझे वडील रेघा मारायचे. अशा बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. गोवा मुक्तीच्या लढ्यातून आलेली ही बाई गिरणगावातल्या चुलींपाशी जाऊन बसली, हे आजी फार आदरानं सांगायची.

त्या काळात गावाकडे गिरणीतला माणूस म्हणजे भल्या पगाराचाच माणूस होता, हे आज सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी यायचा तो ट्रंक घेऊन. भावजयीला लुगडं, पोरांना बिस्किटं, म्हाताऱ्याला छत्री. मनिऑर्डर आली की पोस्टमन वाडीत सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारायचा. भाताच्या खाचरात राबणाऱ्या सख्ख्या भावाला ती हाक वर्षानुवर्षं ऐकावी लागली होती.

मग 18 जानेवारी 1982 उजाडला. आदल्या दिवाळीच्या बोनसवरून धुसफूस सुरू झाली होती. गिरणी कामगारांच्या वतीनं बोलण्याचा अधिकार कायद्यानं एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता आणि कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता. इंजिनिअरिंग कारखान्यांत मोठ्या पगारवाढी मिळवून देणारे डॉ. दत्ता सामंत यांच्याकडे कामगार स्वतः चालत गेले. सुमारे अडीच लाख माणसं संपावर गेली. तो संप रीतसर मागे घेतला गेला असं कधी झालंच नाही. तो नुसता विरत गेला.

काही महिन्यांत खोल्या रिकाम्या झाल्या. आजीच्या वहीतल्या रेघा थांबल्या. आजोबा गावाला गेले, आणि तिथे त्यांना जे ऐकावं लागलं ते त्यांनी मास्तरच्या गोष्टीसारखं रंगवून कधीच सांगितलं नाही. ते आजीनंच सांगितलं. धाकटा भाऊ बांधावर उभा राहून, शेजारच्या दोघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मुंबैचा साहेब आला बघा शेणात हात घालायला." नंतर त्याच भावानं दोन पोती भात मुंबईला पाठवलं. हसलाही तोच आणि भात दिलं तेही त्यानंच. आजीला यात काही विसंगती दिसत नव्हती. मलाही आता दिसत नाही. माणसाच्या मनात मत्सर आणि माया शेजारीशेजारी बिऱ्हाड करून राहतात.

मुंबईतल्या पांढरपेशांचं वागणं याहून कोरडं होतं. दादरच्या पलीकडून कचेऱ्यांत जाणारे लोक लोकलमध्ये म्हणत, यांना मिळत होतं तेच पुष्कळ होतं, माजले होते, आता भोगा. माझ्या वडिलांनी हे गाडीत उभं राहून ऐकलं आहे. त्या वेळी ते कॉलेजात होते आणि शेंगदाणे विकून फी भरत होते. लाखाहून अधिक कामगारांची नोकरी त्या संपात कायमची गेली. आजोबांना दोन वर्षांनी परत घेतलं, ते नशीबवान. मास्तरची रांग त्यानंतरची.

माझे थोरले काका तेवढे नशीबवान ठरले नाहीत. त्यांना पुन्हा गेटच्या आत घेतलंच नाही. त्यांनी पुढं वडापावची गाडी लावली, मग रात्रपाळीचे वॉचमन झाले. ऑक्टोबर 2008 मधली एक संध्याकाळ मला लख्ख आठवते. जेट एअरवेजनं सुमारे 1,900 जणांना कमी करत असल्याचं जाहीर केलं होतं आणि गणवेशातली तरुण मुलंमुली टीव्हीवर रडत होती. ती राज ठाकरे यांच्याकडे दाद मागायला गेली होती. विमानात काम करणारी, चकचकीत इंग्रजी बोलणारी मुलं मराठी पक्षाच्या दारात उभी आहेत, हे दृश्य काकांनी मान पुढं काढून पाहिलं. मग म्हणाले, "आमच्या वेळी कोणी कॅमेरा आणला नव्हता." एक-दोन दिवसांतच नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. मुलांचे अश्रू आपल्याला बघवले नाहीत, असं ते म्हणाले. काका उठून बाहेर गॅलरीत गेले.

ती आसुरी खुशी नव्हती, हे मी ठामपणे सांगते. आपल्या दुःखाला कधी साक्षीदारच मिळाला नाही, याची ती जखम होती. पगारदार माणूस पडला की खालचा माणूस हसतो, त्याला आपण पटकन कोतं मन म्हणतो. आधी त्याच्यावर वेळ आली होती तेव्हा आपण कुठे होतो, हे विचारायचं राहून जातं.

त्याच जेटचं शेवटचं विमान 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलं आणि कंपनी थांबली. या वेळी परत घेणारं कोणी नव्हतं. पायलट, इंजिनिअर, सामान चढवणारे, सगळ्यांचे पगार थकलेले. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनी मोडीत काढण्याचा आदेश दिला. काका तोवर थकले होते. बातमी ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "लोडरांचे पैसे मिळाले काय?"

आता आमच्याच घरात ही पाळी आली आहे. गेल्या वर्षी माझ्या भाच्याची नोकरी गेली. हिंजवडीत एका मोठ्या कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर होता. जुलै 2025 मध्ये टीसीएसनं जवळपास 2 टक्के, म्हणजे सुमारे 12 हजार माणसं कमी करणार असल्याचं सांगितलं आणि त्यातली बहुतेक मधल्या आणि वरच्या पायरीवरची असतील असंही सांगितलं, तेव्हापासून हिंजवडीत त्याच्या पायरीवरच्या सगळ्यांचीच झोप उडाली होती. त्याची कंपनी दुसरी, पण रीत ओळखीची. एका छोट्या खोलीत बोलावलं, समोर दोघं बसलेले, आधीच टाइप केलेला राजीनामा. सही करा, म्हणजे अनुभवाचं पत्र स्वच्छ मिळेल. त्यानं सही केली.

नात्यात ही बातमी पोचली तेव्हा मी एका लग्नात पंगतीला बसले होते. शेजारची आत्या म्हणाली, "एवढा लाखांत पगार होता, साठवलं असेल की." तिच्या पलीकडच्यानं वाकडचा फ्लॅट काढला, मग गाडी, मग सिंगापूरची सहल. बोलण्यात हळहळ होती आणि तिच्या खाली एक समाधानही होतं. मला ते दोन्ही ओळखू आलं, कारण दोन्ही मी लहानपणापासून ऐकलं आहे. मला राग आला आणि तिथंच तो बोलूनही दाखवला. फ्लॅटचा हप्ता दर महिन्याच्या 5 तारखेला बँक कापून घेते, पगार आला की नाही हे ती विचारत नाही. सहल फोटोत दिसते. हप्ता कोणाला दिसत नाही.

आमच्या पणजोबांची एक गोष्ट घरात चालत आली आहे. 1928 चा मोठा संप सहा महिने चालला, त्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट होती. मालकांचं म्हणणं होतं की साचेवाल्यानं दोनाऐवजी तीन साचे चालवावेत. पणजोबा म्हणत, "तिसरा साचा म्हणजे शेजारचा माणूस." मी हे भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मावशी, गेली दोन वर्षं मी नव्या टूल्समुळे किती माणसं कमी लागतील याचेच तक्ते करत होतो." त्यानं बोट ठेवून दाखवलेल्या माणसांपैकी कोणी त्याच्या नोकरीच्या बातमीनं सुखावलं असेल, तर त्याला मी नावं ठेवणार नाही. पण त्या माणसालाही मला आजोबांच्या गोष्टीचा उरलेला भाग सांगायचा आहे.

मास्तर गेला, आजोबा गेले, काका गेटबाहेर राहिले. जमीन मात्र जागची हलली नाही. 1991 च्या विकास नियमावलीत बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक भाग घरांसाठी आणि एक भाग मोकळ्या जागेसाठी ठेवायचा होता. 2001 मध्ये नियम बदलला आणि तो वाटा फार आटला. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलच्या आवारात कॉर्पोरेट कचेऱ्या आल्या. भोंगा वाजायचा तिथं आता गळ्यात कार्ड घातलेली तरुण पोरं लिफ्टसाठी रांगा लावतात. घरासाठी अर्ज केलेले गिरणी कामगार आणि त्यांचे वारस दीड लाखाहून जास्त. म्हाडाच्या सोडती 2012 पासून निघताहेत, आणि कित्येकांचा नंबर लागण्याआधीच त्यांच्या वारसांनाही म्हातारपण आलं. साचेवाला मास्तरवर हसत होता, गाडीतला कारकून साचेवाल्यावर हसत होता, आणि या हसण्यातून एकाचीही एक इंच जमीन वाचली नाही. माझ्या मते आजोबांचं चुकलं ते इथं. त्यांचा राग खरा होता, अपमानही खरा होता. पण ज्याच्या सहीनं गिरणी बंद झाली तो त्या रांगेत नव्हताच.

मास्तरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट मला फार उशिरा, वकील मैत्रिणीकडून कळली. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यानं आजोबांना कपातीच्या वेळी आधी नोटीस आणि नोकरीच्या दर वर्षामागे 15 दिवसांचा पगार, एवढं तरी कागदावर दिलं होतं. व्यवस्थापकीय काम करणारा माणूस त्या कायद्यात कामगार धरलेला नाही, म्हणजे मास्तरला तेवढंही नव्हतं. आता तो कायदा नव्या औद्योगिक संबंध संहितेत मिसळला, तरी ही रेघ तशीच आहे. पगार भला, पण पाठीशी उभं राहायला ना युनियन ना कलम, अशी भाच्याची अवस्था आहे. पुण्यात आयटीतल्या लोकांच्या संघटना आता उभ्या राहताहेत. भाचा पूर्वी त्यांना हसायचा. हल्ली त्यांच्या बैठकीला जातो.

आजी गेली त्याला बरीच वर्षं झाली. संप सुटला नाही तेव्हा तिच्या वहीत कित्येक गड्यांची उधारी तशीच राहिली होती. तिनं ती वसूल करायला माणूस पाठवला नाही. पण कोणी भेटला की ती पहिला प्रश्न विचारायची तो गिरणीनं त्याचे पैसे दिले का, हा. आपले मागण्याआधी ती त्याचे विचारायची.

तेव्हा माझं मागणं एवढंच आहे. तुमच्या ओळखीत कोणाची मोठ्या पगाराची नोकरी गेली असेल तर त्याला आजच फोन करा. फ्लॅटचं आणि गाडीचं बोलू नका. पुढं केलेल्या कागदावर तिथल्या तिथं सही करू नकोस, कोणाला तरी दाखव, एवढं सांगा. ग्रॅच्युइटीचं विचारा, सलग पाच वर्षं नोकरी झालेल्या शिपायाला ती मिळते तशीच मॅनेजरलाही मिळते, राजीनामा दिला तरी मिळते. आणि त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईंचा या महिन्याचा पगार झाला का, तेही विचारा.