पेलिकन बेट: पिसांचा व्यापार आणि एक पहारेकरी

अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात, सेबॅस्टियन गावाजवळच्या इंडियन रिव्हर या खाजणात, म्हणजे वाळूच्या लांबट पट्ट्याने समुद्रापासून अलग झालेल्या उथळ खाऱ्या पाण्यात, पेलिकन आयलंड हे तिवरांचे निर्मनुष्य बेट आहे. १९०३ मध्ये त्याचा विस्तार होता जेमतेम साडेपाच एकर. तरीही १४ मार्च १९०३ रोजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ते पक्ष्यांच्या विणीसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला आणि त्या देशातील राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानांची परंपरा येथूनच सुरू झाली.

चहूबाजूंच्या पाण्यामुळे जमिनीवरील शिकारी प्राण्यांपासून घरटी सुरक्षित राहत, म्हणून तपकिरी पेलिकन आणि बगळे येथे दाटीवाटीने वीण करीत. पक्ष्यांच्या अशा सामूहिक वसाहतीला मराठीत सारंगागार म्हणतात. मात्र ज्या दाटीने पक्ष्यांना अभय दिले, तिच्यामुळेच बंदूकधारी माणसाचे काम अतिशय सोपे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रियांच्या टोप्यांवर पिसे लावण्याची फॅशन युरोप-अमेरिकेत बोकाळली होती, आणि बगळ्यांची सर्वांत सुंदर पिसे नेमकी विणीच्या हंगामात फुटत असल्यामुळे नर-मादी घरट्यावरच मारले जात व पिल्ले उपाशी मरत. या व्यापाराचे जाळे हिंदुस्थानापर्यंत पोहोचले होते. रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर येथील ब्रिटिश सरकारने १९०२ मध्ये बंदी घातली, ती त्यामुळेच.

फ्लोरिडाने १९०१ मध्ये पक्षिसंरक्षणाचा कायदा केला होता, पण कागदावरच्या कायद्याने गोळी अडत नाही. ती अडवली पॉल क्रेगेल या जर्मनीतून आलेल्या स्थलांतरिताने. त्याचे घर बेटासमोरच्या काठावर, प्राचीन रहिवाशांनी टाकलेल्या शिंपल्यांच्या उंच ढिगावर होते. तेथून बेट स्पष्ट दिसे आणि संशयास्पद होडी येताना दिसली की तो बंदूक घेऊन आपल्या शिडाच्या होडीतून निघे. रूझवेल्ट यांच्या आदेशानंतर तो अधिकृत पहारेकरी झाला, परंतु काँग्रेसने या कामासाठी पैसाच मंजूर केला नसल्याने त्याचा महिना एक डॉलर पगार पक्षिप्रेमींच्या संघटनेने दिला. या संरक्षणाचे श्रेय रूझवेल्ट यांच्या सहीइतकेच, किंबहुना काकणभर अधिक, या पहाऱ्याला दिले पाहिजे.

तो पहाराही प्रत्येक वेळी पुरला नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात, पेलिकन माणसांच्या तोंडचे मासे पळवतात असा समज पसरून, १९१८ मध्ये बेटावरची चारशेहून अधिक असहाय पिल्ले काठ्यांनी ठेचून मारली गेली. वस्तुतः पेलिकनांच्या खाण्यातील बहुतेक मासे बाजारात विकले जाणारे नव्हतेच, हे पाहणीतून सिद्ध झाले. पुढे लाटांनी आणि यांत्रिक होड्यांच्या उसळत्या पाण्याने काठ खचत जाऊन बेट निम्म्याहून लहान झाले, तेव्हा कालवांच्या शिंपल्यांचा बांध घालून आणि तिवरे लावून ते सावरण्याचे काम हाती घेण्यात आले.