क्यूच्या टोकावरचं कातडं

गेल्या महिन्यातली गोष्ट. आमच्या ग्रुपची पूलची फायनल. माझा फक्त आठ नंबरचा बॉल उरलेला, तोही पॉकेटच्या तोंडाशी. पांढरा बॉल जरासा मागे खेचायचा होता, नाहीतर तोही मागोमाग आत गेला असता. वाकलो, मारलं, आणि 'टक्' असा कोरडा आवाज आला. क्यू बॉलवरून सटकला होता. याला मिसक्यू म्हणतात. पुढे काय झालं ते सांगायला नकोच :)

घरी येऊन क्यूचं टोक नीट पाहिलं. कातड्याची टिप एका बाजूने काचेसारखी गुळगुळीत, दुसऱ्या बाजूने छत्रीसारखी बाहेर पसरलेली. क्यू दुरुस्त करणाऱ्याकडे गेलो तर त्याने विचारलं, "कुठली लावू? साधी की लेयरवाली? सॉफ्ट, मीडियम की हार्ड?" साधीची किंमत दोन-चार चहांएवढी. लेयरवाली म्हणजे चौघांचं हॉटेलातलं जेवण. दोन्ही दिसायला शर्टाच्या बटणाएवढ्या! म्हटलं, सोमवारी सांगतो. आणि मग अख्खा शनिवार-रविवार या बटणाच्या इतिहासात गेला.

आधी क्यूला टिपच नव्हती. त्याही आधी क्यूच नव्हता. सतराव्या शतकातल्या युरोपात बिलियर्ड्स खेळायचे ते पुढे जाड ठोकळा असलेल्या काठीने. त्या ठोकळ्याने बॉल ढकलायचा. पण बॉल टेबलाच्या कडेला चिकटला की ठोकळा नीट लागेना. मग लोक काठी उलटी धरून तिच्या मागच्या बारीक टोकाने मारू लागले. फ्रेंचमध्ये शेपटीला 'क्यू' म्हणतात, नाव तिथूनच आलं. शेपटी राहिली, डोकं गेलं.

पण हे टोक नुसतं लाकडाचं. बॉलच्या मधोमध मारलं तर ठीक, थोडं बाजूला मारलं की सटकलं. म्हणजे बॉलला मनासारखी फिरकी देणं जवळपास अशक्यच. हे बदललं ते फ्रान्स्वा मँगो या फ्रेंच कॅप्टनने. राजकारणावर नको तितकं बोलल्याबद्दल तो पॅरिसमध्ये तुरुंगात होता आणि तिथे बिलियर्ड्सचं टेबल होतं (तुरुंगात टेबल! असो.). १८०७ च्या सुमारास त्याने क्यूच्या टोकाला कातड्याची चकती लावली. कातडं क्षणभर दबतं, बॉलला धरतं आणि मग सोडतं. हा 'क्षण' सेकंदाचा साधारण हजारावा भाग असतो, पण फिरकी द्यायला तेवढा पुरतो. शिक्षा संपल्यावर त्याने म्हणे आणखी काही दिवस आतच राहू द्या अशी विनंती केली, कारण सराव अर्धवट राहिला होता. ही दंतकथा असावी, पण खेळणाऱ्या माणसाला ती खोटी वाटणार नाही. १८२७ मध्ये त्याने या नव्या फटक्यांवर पुस्तकही काढलं. आणि या फिरकीचं गणित? ते १८३५ मध्ये आलं, कोरिओलिसच्या ग्रंथात. हो, तोच, वाऱ्यांच्या वळण्यामुळे भूगोलात भेटतो तो. आधी कैदी, मग गणिती. आमच्याही धंद्यात कोड आधी चालतो आणि डॉक्युमेंटेशन नंतर येतं.

कातड्याला खडूची जोड मिळाली इंग्लंडमध्ये. १८२० च्या दशकात बाथ गावचा जॅक कार फिरकीचे फटके दाखवून बघ्यांना थक्क करायचा आणि मग त्यांनाच फिरकीची 'खास' पूड विकायचा. पूड म्हणजे साधा खडू! आज आपण टोकाला घासतो तो निळा चौकोन मात्र अमेरिकन. त्यात खडू जवळपास नसतोच. विल्यम स्पिंक्स हा खेळाडू आणि विल्यम हॉस्किन्स हा रसायनतज्ज्ञ यांनी सिलिका वगैरे वापरून तो बनवला आणि १८९७ मध्ये पेटंट घेतलं.

खडू सुधारला, पण कातड्याचा मूळ घोळ तसाच राहिला. कातडं शेवटी जनावराचं. पाठीचं घट्ट, पोटाचं सैल. एकाच डब्यातल्या दोन टिपा एकसारख्या निघतील याची खात्री नाही. जुने खेळाडू अख्खा डबा घ्यायचे आणि एकेक टिप टेबलावर टाकून तिचा आवाज ऐकत निवडायचे, आपण बाजारात कलिंगडावर टिचकी मारतो तसं. अमेरिकेत तर 'एल्क मास्टर' नावाची मऊ निळी टिप रात्रभर दुधात भिजवून, पोलादी शेगड्यात दाबून घट्ट करतात. आमच्या आजीला हे सांगितलं असतं तर तिने कपाळावर हात मारला असता.

यावर जपानी उत्तर आलं आणि १९९० च्या दशकात 'मूरी' या नावाने जगभर गाजलं. डुकराचं पातळ कातडं घ्यायचं, आठ-दहा थर एकावर एक चिकटवायचे, दाबायचे आणि त्यातून चकती कापायची. पुढे 'कामुई' आणि इतर आले. यामागची कल्पना मला फार आवडली, कारण ती सरासरीची आहे. एक थर जरा सैल निघाला तरी बाकीचे सांभाळून घेतात. थर एकमेकांपासून स्वतंत्र धरले तर आठ थरांत चढउतार आठच्या वर्गमुळाने भागला जातो, म्हणजे जवळपास एक तृतीयांश होतो. चौघांच्या जेवणाचे पैसे जातात ते यासाठी. फिरकीसाठी नव्हे!

लोक नेमके इथेच फसतात. महाग टिप लावली की बॉल जास्त फिरेल असं वाटतं. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकवलेले डेव्हिड अल्सिएटोर यांनी हे तपासलंय: नीट खडू लावलेली टिप सटकली नाही, तर मऊ-कडकपणामुळे फिरकीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. फिरकी ठरते बॉलच्या मध्यापासून किती दूर मारलं त्यावर. साधारण अर्ध्या त्रिज्येपलीकडे गेलात की कुठलीही टिप सटकणारच. आणि पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते झाले, तेव्हा या जपानी टिपा कुठे होत्या?

मग घ्यायची कुठली? आठवड्यातून एकदा मजेसाठी खेळत असाल तर साधी घ्या. कडा पसरली की घासून घ्या, बिघडली की बदला. नेमाने खेळत असाल आणि आजचा फटका कालच्यासारखाच बसावा असं वाटत असेल, तर थरांची. पहिल्यांदा घेताना मीडियम बरी, पण एका कंपनीचं मीडियम म्हणजे दुसरीचं हार्ड असू शकतं, कारण सगळ्यांना बांधील असं एक मोजमाप नाही. घेताना कडेने उजेडात बघा, कुठे दोन थरांमध्ये फट दिसली तर परत करा. लेथवर लावून घ्या. घाईने घासली की गरम होते, गोंद सैल होतो आणि थर सुटतात. शाकाहारी मित्रांसाठी यात फारसं काही नाही. आणि ज्यांना डुकराचं कातडं चालत नाही त्यांनी आधी विचारूनच घ्यावी, गाईम्हशीच्या कातड्याच्या एकसंध टिपाही मिळतात.

सोमवारी जाऊन थरांची मीडियम लावून घेतली. बायकोला किंमत निम्मीच सांगितली आहे (ती हा ब्लॉग वाचत नाही अशी आशा आहे). तीन आठवडे झाले, कडा अजून पसरलेली नाही. मिसक्यू मात्र परवाही झाला. खडू लावायचा राहिला होता.