बरवे, प्रभाकर

(१६ मार्च १९३६ – ६ डिसेंबर १९९५). भारतीय परंपरेतील चिन्हांना आधुनिक चित्रभाषेत आणणारे मराठी चित्रकार. जन्म नागाव (जि. रायगड) येथे. शिल्पकार वि. पां. करमरकर हे त्यांच्या नात्यातले. १९५९ मध्ये मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेतून शिक्षण पूर्ण केल्यावर १९६१ पासून सुमारे दोन दशके त्यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली. आरंभीची वर्षे वाराणसीत गेली. तिथे तंत्रमार्गातील यंत्राकृतींशी जवळीक झाली आणि त्रिकोण, बिंदू, वर्तुळे त्यांच्या चित्रांत उतरली.

मुंबईला परतल्यावर हा तांत्रिक ठसा हळूहळू विरत गेला. उरल्या साध्या वस्तू : घड्याळ, पान, शिंपला. दारे-खिडक्यांना लावतात तो एनॅमल रंग ते कॅनव्हासवर वापरत. त्याच्या सपाट, गुळगुळीत थरावर या वस्तू मोकळ्या अवकाशात एकमेकींपासून अंतर राखून असतात. सावली पडते, पण वस्तूशी जुळेलच असे नाही. त्यांना नुसते ‘तांत्रिक चित्रकार’ म्हणणे अपुरे ठरते ते यामुळेच.

कोरा कॅनव्हास (१९९०) हे त्यांचे कलाचिंतनपर पुस्तक. त्यांच्या चित्रांचे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात भरले होते.