पन्नास रुपयांचे इंजिन

इ. स. १८२८ साली कलकत्त्यास कृषी व उद्यानविद्या सोसायटीचे वार्षिक प्रदर्शन भरले होते. उत्तम भाजीपाला नि फळे पिकविणाऱ्यांस उत्तेजन देण्याचा तो प्रसंग. त्या प्रदर्शनात टिटागढच्या गोलकचंद्र नावाच्या लोहाराने जी वस्तू आणून मांडली, ती कोणत्याही मळ्यात पिकलेली नव्हती. ते एक लहानसे वाफेचे इंजिन होते. हुगळीच्या पलीकडच्या तीरावर श्रीरामपूर येथे मिशनऱ्यांनी आपल्या कागदाच्या गिरणीसाठी १८२० साली विलायतेहून एक इंजिन आणविले होते. त्याच्या नमुन्यावरून, कोणाही युरोपीय कारागिराचे साहाय्य न घेता, गोलकचंद्राने हे इंजिन घडविले. सोसायटीने कौतुक केले, पन्नास रुपये बक्षीस दिले, आणि प्रकरण तेथेच मिटले.

आम्ही पडलो कारकुनी पेशाचे. बक्षीस मंजूर करून फाईल बंद करण्याची रीत आम्हांस चांगली परिचयाची आहे. तरीही ह्या पन्नास रुपयांपाशी आमचे मन अडखळते. लहान इंजिने करणे हा रिकामपणाचा उद्योग, असे कित्येकांस वाटते. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे.

ग्लासगो विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या वर्गात दाखविण्यासाठी न्यूकोमेनच्या इंजिनाची एक प्रतिकृती होती. तिचे सिलिंडर अवघे दोन इंच व्यासाचे आणि दट्ट्याचा पल्ला सहा इंचांचा. ती नीट चालेना, म्हणून १७६३-६४ च्या हिवाळ्यात विद्यापीठाची उपकरणे करणाऱ्या जेम्स वॉटकडे ती दुरुस्तीसाठी आली. वॉटने ती दुरुस्त केली. परंतु चार ठोके पडतात न पडतात तोच वाफ संपे. बाष्पपात्र तर पुरेसे मोठे दिसत होते. मग वाफ जात होती कोठे?

ह्याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. एखादे इंजिन सर्व बाजूंनी एकदशांश केले, तर त्यात मावणारी वाफ एकसहस्रांश होते, परंतु तिला वेढणारा धातूचा पृष्ठभाग एकशतांशच होतो. म्हणजे वाफेच्या मानाने थंड करणारी भिंत दहापट वाढते. न्यूकोमेनच्या इंजिनात प्रत्येक ठोक्याला सिलिंडरमध्येच थंड पाणी शिंपडून वाफेचे पाणी करीत. पुढच्या ठोक्याला तेच सिलिंडर पुन्हा तापवावे लागे. मोठ्या इंजिनातही हा अपव्यय होताच. पण खाणीच्या तोंडाशी कोळसा स्वस्त, तेव्हा तो कोणाच्या डोळ्यांत सलला नाही. लहान इंजिनाने तो उघडा पाडला. वाफ निराळ्या पात्रात नेऊन थंड करावी, सिलिंडर सदैव तप्त ठेवावे, ही कल्पना वॉटला १७६५ साली सुचली आणि तिची परीक्षाही त्याने प्रथम पितळी पिचकारीची लहान प्रतिकृती करूनच घेतली. मोठ्या यंत्रात जो दोष खपून जातो, तो लहान यंत्रात खपत नाही. ह्या छंदाची खरी थोरवी आमच्या मते हीच.

परंतु वॉटची कथा येथे संपली असती, तर तोही गोलकचंद्रच ठरला असता. त्याच्या शेजारी उष्णतेचे शास्त्र जाणणारा जोसेफ ब्लॅक होता. रोबकने पैसा घातला. १७६९ साली पेटंट मिळाले. १७७५ पासून बोल्टनची भागीदारी लाभली. जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल त्याच्या किमतीचा एकतृतीयांश आम्हांस द्यावा, अशा करारावर त्यांनी खाणवाल्यांस इंजिने दिली. पिचकारीपासून ह्या करारापर्यंतची वाट एकट्या माणसास चालवणारी नव्हती.

गंमत अशी की, ह्याच पेढीच्या चाकरीतील विल्यम मर्डॉक ह्याने १७८४ साली कॉर्नवॉलमधील रेडरुथ येथे हातभर लांबीची, वाफेवर चालणारी तीनचाकी गाडी केली. ती खोलीभर धावली. पुढे तो पेटंट घेण्यास निघाला असता बोल्टनने त्याला वाटेतूनच परत फिरविले. ज्याच्या हाताला आधार मिळाला होता, त्यानेच दुसऱ्याचा हात धरून ठेवला! त्याच मुलुखातील ट्रेव्हिथिकनेही आधी लहान प्रतिकृती केल्या आणि १८०१ च्या नाताळात कॅम्बॉर्नच्या रस्त्यावर माणसे बसवून वाफेची गाडी चालविली.

आता आपल्या मुंबईकडे वळू. गोदीत पिढ्यान् पिढ्या जहाजे बांधणाऱ्या वाडिया घराण्यातील आर्देशीर खरसेटजी ह्यांनी तरुणपणी एका अश्वशक्तीचे लहान इंजिन स्वतः घडविले आणि माझगावच्या घरी विहिरीचे पाणी उपसण्यास लावले. १८३४ साली त्यांनी आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळला. ते विलायतेस गेले, १८४१ साली रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले आणि मुंबईच्या वाफयंत्रांच्या कारखान्याचे मुख्य अभियंता म्हणून परतले. त्यांची बुद्धी व श्रम निर्विवाद होत. पण त्यांच्या पाठीशी गोदी होती, घराणे होते. टिटागढच्या लोहाराच्या पाठीशी त्याचा भाता तेवढा होता.

लंडनमध्ये १८९८ साली ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक निघाले. घरच्या लेथवर बोटभर सिलिंडर कातणाऱ्या एकेकट्या माणसांस त्यातून सोबती मिळाले. गोलकचंद्रास अशी सोबत सत्तर वर्षे आधी मिळावी, हे मागणे फार झाले असते. परंतु ज्यांनी त्याचे इंजिन पाहिले, त्यांपैकी एकाने जरी ‘पुढे काय करणार?’ एवढे विचारले असते!

कोलकात्यात नोकरीनिमित्त राहणारे आमचे बांधव सियालदहहून बराकपूरकडे जाताना टिटागढ स्टेशन ओलांडतात. तेथे गाडी क्षणभर थांबते. त्या क्षणात ह्या लोहाराची आठवण व्हावी, आणि उद्या शेजारचा एखादा मुलगा पत्र्याचे इंजिन घेऊन आपल्या दारी आला, तर केवळ पाठ थोपटून त्याची बोळवण करू नये, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.