पदवीचे दार आणि क्लबचे दार

१/ ग्लासगो विद्यापीठात स्त्रियांना पदवी घेण्याचा अधिकार १८९२ मध्ये मिळाला. त्याच विद्यापीठातील सर्वांत जुन्या विद्यार्थी क्लबचे सभासद होण्यासाठी मात्र त्यांना १९८० पर्यंत थांबावे लागले. या ८८ वर्षांच्या अंतराची ही कथा.

२/ या क्लबांना ‘युनियन’ म्हणत. कामगार संघटनेशी त्यांचा संबंध नव्हता. आरंभ झाला वादविवाद मंडळांपासून. केंब्रिज युनियन स्थापन झाली १८१५ मध्ये. तरुणांनी राजकारणावर वाद घालणे विद्यापीठाला धोक्याचे वाटले आणि १८१७ मध्ये या सभांवर बंदी आली. १८२१ मध्ये ती उठली, पण अटींसह.

३/ स्कॉटलंडची अडचण निराळी होती. ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी आपापल्या कॉलेजात राहत, एकत्र जेवत. ग्लासगो आणि एडिंबरा येथील बहुतेक विद्यार्थी घरी किंवा शहरात भाड्याच्या खोल्यांत राहत. व्याख्यान संपले की जो तो आपल्या वाटेने जाई. विद्यापीठ होते, पण विद्यार्थ्यांना एकत्र बसायला जागा नव्हती.

४/ ही उणीव भरून काढण्यासाठी वास्तू उभ्या राहिल्या. १८८९ मध्ये एडिंबऱ्यात टेव्हियट रो हाउस खुले झाले. विद्यार्थी युनियनसाठी मुद्दाम बांधलेली जगातील सर्वांत जुनी वास्तू म्हणून ते ओळखले जाते. ग्लासगो युनिव्हर्सिटी युनियनची स्थापना १८८५ ची. डॉ. जॉन मॅकिन्टायर यांच्या देणगीतून तिची इमारत १८९० मध्ये पूर्ण झाली. वास्तुकार होते जॉन जेम्स बर्नेट. पुढे १८९६ मध्ये ही कल्पना अमेरिकेतही रुजली. फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ह्यूस्टन हॉल उघडला.

५/ अशा वास्तूंत वाचनालय, भोजनगृह, बिलियर्ड्सची खोली आणि सभागृह असे. वरवर पाहता ही करमणुकीची साधने. प्रत्यक्षात निवडणूक लढवणे, सभा चालवणे, हिशेब सांभाळणे, विरोधकाला मुद्द्याने उत्तर देणे हे सारे तरुण तेथेच शिकत. परीक्षेत नसलेला हा अभ्यासक्रम होता, आणि तो केवळ पुरुषांसाठी होता.

६/ ग्लासगोच्या विद्यार्थिनी स्वस्थ बसल्या नाहीत. १८९० मध्येच त्यांची स्वतंत्र ‘क्वीन मार्गारेट युनियन’ स्थापन झाली. पुढे १९३० च्या सुमारास पुरुषांचा क्लब नव्या, मोठ्या इमारतीत गेला आणि बर्नेट यांची जुनी वास्तू विद्यार्थिनींच्या युनियनकडे आली. पुरुषांसाठी बांधलेले घर स्त्रियांना मिळाले; पुरुषांच्या नव्या घराचे सभासदत्व मात्र नाही.

७/ या वगळण्याची किंमत केवढी? एका उदाहरणावरून कल्पना येते. १९९९ मध्ये स्कॉटलंडचे पहिले ‘फर्स्ट मिनिस्टर’ झालेले डोनाल्ड डेवर आणि ब्रिटनच्या मजूर पक्षाचे नेते झालेले जॉन स्मिथ हे दोघेही याच क्लबच्या वादसभांत घडले. डेवर तर युनियनचे अध्यक्षही होते. तेथे संसदेच्या धर्तीवर सरकार पक्ष आणि विरोधी पक्ष समोरासमोर बसत. त्यांच्या काळातील एकही विद्यार्थिनी त्या युनियनची सभासद होऊ शकत नव्हती.

८/ ऑक्सफर्डची स्थिती फारशी निराळी नव्हती. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये तेथे गेल्या. १८९२ मध्ये बी.सी.एल. ही कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. ऑक्सफर्डने स्त्रियांना पदव्या देणे सुरू केले १९२० मध्ये. सोराबजींना त्यांची पदवी मिळाली १९२२ मध्ये, म्हणजे ३० वर्षांनी. ऑक्सफर्ड युनियनने मात्र स्त्रियांना सभासद करून घेतले ते १९६३ मध्ये. त्याआधी ९ वर्षे सोराबजींचे निधन झाले होते.

९/ शिक्षणाचा इतिहास लिहिताना पहिली पदवीधर कोण, हे आवर्जून नोंदवले जाते. ते योग्यच आहे. परंतु पदवीचा अधिकार कायद्याने आणि नियमाने देता येतो. बरोबरीने बसण्याची जागा सभासदांच्या मनावर अवलंबून राहते. म्हणून कोणत्याही संस्थेतील समतेची तारीख शोधताना वर्गाच्या हजेरीपटाबरोबर क्लबची सभासद-यादीही पाहावी. दोन्ही तारखा क्वचितच जुळतात.